जमेची बाजू

वही मी लिहिते.
दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची,
सावद्याच्या बाजारातून आणलेली.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
मध्ये एक रेघ. ती मी पट्टीने ओढते,
हाताने ओढली की ती बागांकडे झुकते.

पहिली नोंद: खोडं, फुकट.

घड उतरले, ट्रक भरून गेला
की केळीची बाग उभी राहते मान छाटल्यासारखी.
मग मजूर लावून खोडं बांधावर ओढायची,
तिथं ती काळी पडायची, कुजायची,
रात्री वास पार शाळेच्या ओट्यापर्यंत.
आम्ही म्हटलं, आम्ही नेतो.
निनाजीआप्पा हसले,
"न्या बाई न्या, बांधबी न्या संगं."

मोटर जळाली: नावे.
मोटर पुन्हा जळाली: नावे.
लाइट या आठवड्यात रात्रीची,
म्हणून रात्री दोन वाजता बावीस बाया
डोक्याला बॅटरी बांधून खोडाचे पदर सुटे करतात.
पंचवीस किलोच्या खोडातून
निघतो मूठभर धागा.
बाकी सगळं पाणी.
बाकी सगळं पाणी, हे पहिल्यांदा कळलं
तेव्हा यमुना कोळी मटकन खाली बसली होती.

सुरतेहून पहिला गठ्ठा परत आला. डाग.
जायचं भाडं नावे,
यायचं भाडंही नावे.

हुरमतबाई तडवी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसली
आजारी पोरीचे केस विंचरावेत तशी.
मग दुसऱ्या दिवशी काही न बोलता
दोन पेंड्या माझ्या वहीवर ठेवल्या.
एक चहाच्या फडक्यासारखी,
एक पांढऱ्या घोड्याच्या शेपटीसारखी.
"ही कालच्या खोडाची, ही आजच्या.
कापलं त्याच दिवशी सोलायचं.
ऊन डोक्यावर यायच्या आत."
एवढंच.
हे कोणत्या रकान्यात लिहू?
अर्धं पान कोरं सोडलं आहे तिच्यासाठी.

पाणी आता पिंपात धरतो, शेतात सोडतो.
चोथा गांडुळांना.
गांडुळांची हजेरी नाही, मजुरी नाही,
सुटीही नाही.

चैत्रात सुरतेचे पैसे आले
आणि त्याच संध्याकाळी निनाजीआप्पा आले.
"खोडाला पाच रुपये पडतील."
ओट्यावर एकदम गलका.
यमुना म्हणाली, "काल तं कचरा होता, आप्पा."
आप्पा म्हणाले,
"काल तुम्हाले तरी कुठी माहीत होतं?"

खरं बोलले.
बराच वेळ फक्त चिलटं बोलत होती.
मग हुरमतबाईने मुठीत खत आणलं,
आप्पांच्या तळहातावर ठेवलं.
त्यांनी चुरगळलं, वास घेतला,
पुन्हा वास घेतला.
साठ खोडांमागे एक गोणी ठरली.
गोण्या ते स्वतः मोजून घेतात, दोनदा,
एक फाटकी निघाली तर परत आणून देतात.
नोंद: खत, बारा गोण्या, नावे.
खोडं, सातशे वीस, जमा.
आता फुकट शब्द वहीत येत नाही.

काल चाकणहून भावाचा फोन.
कंपनीत पाळी संपवून उभा होता,
मागे बसचा भोंगा.
"ताई, तुमच्याकडे एका माणसाचं काम आहे का?"
मी हिशेब डोक्यातच केला.
खोटं बोलता आलं असतं,
पण वही मीच लिहिते.
"सध्या अर्ध्या माणसाचं आहे, रोशन."
तो थोडं थांबला.
"मग अर्धा येतो. आखाजीला येऊन बघतो तरी."

यंत्र धुऊन झालं होतं. हातांना अजून चीक.
कळण्याची भाकरी फडक्यात तशीच.
मी नवं पान उघडलं,
रोशनचं नाव पेन्सिलीने लिहिलं,
जमेकडे की नावेकडे, ते ठरवलं नाही.
पट्टी हुरमतबाईने धागा मोजायला नेलेली.

रेघ हातानेच ओढली.